अनुभवाचे चित्र आणि चित्रावरील संवाद



एखाद्या निष्णात शल्यविशारदास त्याने नुकत्याच केलेल्या अवघड शस्त्रक्रियेविषयी विचारले, तर तो सहसा क्रमवार हकीकत सांगतो. छेद कोठे घेतला, रक्तस्राव केव्हा सुरू झाला, तो कसा आटोक्यात आणला, टाके किती वाजता पूर्ण झाले, इत्यादी. ही हकीकत खरीच असते. पण ती शस्त्रक्रियेच्या नोंदपत्रकाच्या भाषेत सांगितलेली असते. त्या तीन-चार तासांत एखादा क्षण असा येऊन गेलेला असतो, की पुढे जावे की थांबावे याचा निर्णय होत नव्हता. ज्येष्ठ सहकाऱ्यास बोलावून घ्यावे असे मनात आले होते. पण बोलावण्याचा संकोचही वाटत होता. परिचारिकेच्या नजरेत काळजी दिसली होती. बाहेर बाकावर बसलेल्या नातेवाइकांना आदल्या दिवशी दिलेला धीर आठवत होता. नोंदपत्रकात या गोष्टींसाठी रकाना नाही आणि म्हणूनच की काय, तोंडी हकीकतीतूनही त्या गळून पडतात. नव्या शल्यविशारदास शिकावयाचे असते ते मात्र नेमके हेच.

ही अडचण केवळ वैद्यकाची नाही. शिक्षक, परिचारिका, अभियंता, वनरक्षक, अशा कोणत्याही व्यवसायात मुरलेल्या माणसाजवळ ज्ञानाचा एक असा साठा असतो, की तो हातून प्रकट होतो, पण तोंडातून निघत नाही. हंगेरीत जन्मलेले शास्त्रज्ञ व तत्त्वचिंतक मायकेल पोलान्यी यांनी १९६६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या आपल्या पुस्तकात या अव्यक्त ज्ञानाची सविस्तर मीमांसा केली. त्यानंतर संशोधकांपुढे साहजिकच प्रश्न उभा राहिला तो असा : जे सांगता येत नाही, ते विचारावयाचे तरी कसे? प्रश्नावली दिली तर उत्तरे प्रश्नावलीच्या मापाची येतात. मुलाखत घेतली तर माणूस पूर्वी चार ठिकाणी सांगितलेली, घासून गुळगुळीत झालेली हकीकत पुन्हा सांगतो. या कोंडीतून बाहेर पडण्यासाठी गेल्या काही दशकांत जे मार्ग शोधले गेले, त्यांपैकी एक अगदी साधा आहे. त्या माणसासमोर कोरा कागद ठेवावयाचा, रंगीत पेन्सिली द्यावयाच्या आणि म्हणावयाचे, ‘तो प्रसंग काढून दाखवा.’

या मार्गाचा उगम चित्रकलेत नाही, ही ध्यानात घेण्याजोगी गोष्ट आहे. पीटर चेकलंड हे इंग्लंडमधील रसायन उद्योगात अनेक वर्षे काम केलेले गृहस्थ. १९६०च्या दशकाच्या अखेरीस ते लँकेस्टर विद्यापीठात आले. कारखान्यातील यंत्रणेचा आराखडा ज्या पद्धतीने काढतात, त्या पद्धतीने माणसांच्या संस्थांचे प्रश्न सुटत नाहीत, असा त्यांचा व त्यांच्या सहकाऱ्यांचा अनुभव होता. यंत्राचे उद्दिष्ट ठरलेले असते. रुग्णालयाचे किंवा नगरपालिकेचे उद्दिष्ट काय, यावरच तेथील माणसांचे एकमत नसते. म्हणून उपाय सुचविण्यापूर्वी त्या परिस्थितीचे एक भरगच्च चित्र काढावे, अशी प्रथा त्यांनी पाडली. इंग्रजीत त्यास ‘रिच पिक्चर’ असे नाव मिळाले. १९८१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या ग्रंथामुळे ही पद्धत सर्वत्र पोहोचली. या चित्रात काड्यांची माणसे असतात, त्यांच्या डोक्यावर विचारांचे ढग असतात. दोघांत तेढ असेल तेथे एकमेकींना छेदणाऱ्या तलवारी काढतात. बाहेरून लक्ष ठेवणारा कोणी असेल तर एक मोठा डोळा काढतात.

चित्रच का, याचे चेकलंड यांचे उत्तर व्यवहारी होते. वाक्यात एका शब्दामागून दुसरा शब्द येतो. लिहिताना किंवा बोलताना कशाला तरी पहिले स्थान द्यावेच लागते, आणि पहिले स्थान दिले की ते कारण ठरते व दुसरे परिणाम ठरते. गुंतागुंतीच्या परिस्थितीत मात्र दहा गोष्टी एकाच वेळी एकमेकींना ओढत असतात. कागदावर त्या एकाच वेळी मांडता येतात. कोण कोणाच्या जवळ आहे, कोण कोपऱ्यात गेला आहे, कोणता बाण एकेरी आहे, हे काढणाऱ्यास ठरवावेच लागते. आणि ठरविताना त्याच्या स्वतःच्या ध्यानात न आलेली गोष्ट त्याला दिसू लागते.

चेकलंड यांचे चित्र संस्थेचे होते. तेच साधन एका माणसाच्या एका अनुभवाकडे वळविण्याचे काम पुढे वैद्यकीय शिक्षणाच्या क्षेत्रात झाले. कॅनडातील ऑन्टारिओ प्रांतात लंडन याच नावाचे एक शहर आहे. तेथील वेस्टर्न विद्यापीठात सायरा क्रिस्टँचो आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी अनुभवी शल्यविशारदांना त्यांच्या अवघड शस्त्रक्रियांची अशी भरगच्च चित्रे काढावयास सांगितली. २०१५ मध्ये या अभ्यासाचा निबंध प्रसिद्ध झाला. क्रिस्टँचो यांचे मूळ शिक्षण अभियांत्रिकीचे. त्यामुळे शस्त्रक्रियेकडे केवळ हाताचे कौशल्य म्हणून न पाहता अनेक घटकांची हलती जुळणी म्हणून पाहणे त्यांना स्वाभाविक वाटले असावे. चित्रांतून दिसले ते असे, की तज्ज्ञाच्या निर्णयात शरीररचनेइतकाच वाटा भोवतालच्या माणसांचा, त्यांच्यातील नात्यांचा आणि मनातील भावनांचा असतो. पुढे नेदरलँड्समधील एस्थर हेल्मिख आणि क्रिस्टँचो यांनी शिकाऊ डॉक्टरांनाही हेच साधन दिले. रुग्णापुढे उभे राहिल्यावर वाटणारी भीती, हतबलता, संताप, या गोष्टी शिकाऊ डॉक्टर वरिष्ठांपुढे सहसा बोलून दाखवीत नाहीत. कागदावर मात्र त्या आल्या.

हे काम प्रत्यक्षात कसे चालते, हे थोडे तपशिलाने पाहणे उपयुक्त होईल. कारण या पद्धतीचे सारे बरेवाईट तिच्या तपशिलात आहे.

प्रथम प्रसंग निश्चित करावा लागतो. ‘तुमच्या नोकरीचे चित्र काढा’ असे सांगितले, तर बोधचिन्हासारखे काहीतरी हाती येते : एक इमारत, एक झेंडा, हसरी माणसे. ‘गेल्या काही महिन्यांतील असा एक प्रसंग आठवा, की ज्यात काय करावे हे तुम्हांस कळेना’ असे सांगितले, म्हणजे हात वेगळ्या रीतीने चालू लागतो. कागद मोठा हवा. साधारण अर्धा तास वेळ द्यावा आणि त्या वेळात संशोधकाने शक्यतो दूर बसावे. खांद्यावरून डोकावणारा माणूस असला, की काढणारा त्याच्यासाठी चित्र काढू लागतो. शब्द लिहावयास बंदी नसावी. चूक झाली म्हणून खोडावयासही बंदी नसावी; पण खोडलेले काय होते, हे नंतर विचारण्याजोगे असते.

चित्र पूर्ण झाले म्हणजे निम्मे काम झाले. उरलेले निम्मे काम म्हणजे चित्र मध्ये ठेवून केलेली मुलाखत. हे सर्वांत महत्त्वाचे आणि सर्वाधिक दुर्लक्षित अंग आहे. पहिला प्रश्न एकच : ‘या चित्रात काय चालले आहे, ते सांगा.’ त्यानंतर प्रश्न चित्रावरून निघतात. ही व्यक्ती सर्वांत मोठी का? येथे गर्दी आहे आणि हा कोपरा रिकामा का? हा लाल रंग फक्त एकाच ठिकाणी का? तुम्ही स्वतः या चित्रात कोठे आहात? या शेवटच्या प्रश्नापाशी बरेचदा माणूस थांबतो. सर्वांना काढले आणि स्वतःस काढावयाचे राहून गेले, हे त्याला त्या क्षणी कळते. ते राहून का गेले, हे संशोधकाने सांगावयाचे नसते. त्याच्याकडून ऐकावयाचे असते. कधी उत्तर खोल असते, तर कधी ‘जागा उरली नाही’ इतकेच असते आणि तेही खरे मानावे लागते.

न्यूझीलंडमध्ये एलिझाबेथ ब्रॉडबेंट व त्यांच्या सहकाऱ्यांनी केलेला एक अभ्यास येथे सांगण्यासारखा आहे. तो व्यावसायिकांचा नसून रुग्णांचा आहे. पण रेखाटनात किती माहिती सामावलेली असू शकते, याचा तो मासला होय. हृदयविकाराचा झटका येऊन गेलेल्या रुग्णांना त्यांनी आपापल्या हृदयाचे चित्र काढावयास सांगितले आणि काही महिन्यांनी त्यांची पुन्हा विचारपूस केली. ज्यांनी आपल्या हृदयाचा जास्त भाग निकामी झालेला दाखविला होता, ते कामावर परतण्यास अधिक वेळ घेत असल्याचे आढळले. हृदयास प्रत्यक्ष किती इजा झाली, हे सांगणाऱ्या रक्ततपासणीपेक्षाही त्या ओबडधोबड चित्रांनी पुढची वाटचाल अधिक नेमकी दर्शविली. २००४ मध्ये हा निष्कर्ष प्रसिद्ध झाला. डॉक्टरांनी तपासलेले हृदय आणि रुग्ण मनात बाळगीत असलेले हृदय या दोन भिन्न वस्तू आहेत, आणि माणूस कामावर जातो तो बहुधा दुसऱ्या हृदयाच्या भरवशावर.

शिक्षकांच्या बाबतीत कॅनडातील सँड्रा वेबर आणि क्लॉडिया मिचेल यांचा १९९५ मधील ग्रंथ प्रसिद्ध आहे. त्यांनी मुलांकडून, तसेच शिक्षक होऊ पाहणाऱ्या विद्यार्थ्यांकडून शिक्षकाची चित्रे जमविली. मुलांनी परंपरागत शिक्षक काढला, यात नवल नाही. नव्या, मुक्त शिक्षणपद्धतीचा पुरस्कार करणाऱ्या भावी शिक्षकांच्या कागदावरही पुष्कळदा तोच फळा, तीच छडीसारखी दर्शक-काठी आणि त्याच सरळ रांगेतील बाकांवर बसलेली मुले अवतरली. निबंधात जे मत बदललेले दिसत होते, ते हाताने अद्याप स्वीकारलेले नव्हते. अध्यापक विद्यालयांनी याचा विचार करण्यासारखा आहे.

आतापर्यंत उल्लेख झाला तो डॉक्टर, शिक्षक इत्यादी सुशिक्षितांचा. परंतु कामाचे गुंतागुंतीचे ज्ञान ही पदवीधरांची मक्तेदारी नव्हे. १९६०च्या दशकात इटलीतील तुरीन शहरात इव्हार ओद्दोने या डॉक्टरांनी मोटार कारखान्यातील कामगार व त्यांच्या संघटनांबरोबर जे काम केले, त्याचा उल्लेख या विषयात अनेकदा राहून जातो. कारखान्यातील कोणत्या जागी आरोग्यास काय धोका आहे, हे तज्ज्ञाने येऊन मोजावयाचे, ही तोवरची रीत होती. ओद्दोने यांनी ती उलटी केली. एकाच विभागात काम करणाऱ्या कामगारांच्या गटाने एकत्र बसून स्वतःच्या विभागाचा नकाशा काढावा व त्यावर धोके दाखवावेत, असे त्यांनी सुचविले. धोक्यांचे चार गट केले होते. पहिल्यात उजेड, आवाज, उष्णता, दमटपणा अशा घरीही आढळणाऱ्या गोष्टी. दुसऱ्यात धूळ, वायू, वाफा. तिसऱ्यात शारीरिक श्रम. चौथ्या गटात होते ते कोणत्याही मापकाने न मोजता येणारे : कामाचा असह्य वेग, एकसुरीपणा, जबाबदारीचे दडपण. गटातील सर्वांना मान्य झालेली खूण तेवढीच नकाशावर राहावयाची. १९६९ मध्ये कामगार संघटनांनी ही रीत समजावून सांगणारी एक छोटी पुस्तिका काढली आणि धोक्याचे असे नकाशे पुढे इतर देशांतही काढले जाऊ लागले. आपल्या आरोग्याचा हिशेब दुसऱ्याच्या हाती सोपवावयाचा नाही, ही त्यामागील भूमिका होती. येथे चित्र म्हणजे संशोधकास दिलेली माहिती नव्हती. तो मालकापुढे ठेवण्याचा दस्तऐवज होता.

भारतात हा विचार आला तो कारखान्यातून नव्हे, तर शेताच्या बांधावरून. इंग्लंडमधील ससेक्स येथील विकास अध्ययन संस्थेचे रॉबर्ट चेंबर्स आणि कर्नाटकातील मायराडा, गुजरातेतील आगाखान ग्रामीण साहाय्य कार्यक्रम यांसारख्या संस्थांनी १९८८च्या सुमारास सहभागी ग्रामीण समीक्षेच्या ज्या पद्धती रूढ केल्या, त्यांत गावकऱ्यांनी जमिनीवर काढलेल्या नकाशास मानाचे स्थान होते. मंदिरापुढील किंवा शाळेपुढील मोकळ्या जागेत रांगोळी, खडे, बिया, पाने घेऊन गावकरी गाव मांडतात. विहिरी कोठे, पाणी कोणत्या महिन्यात आटते, कोणत्या घरात कर्ते माणूस नाही, हे सारे त्यात येते. पाहणी करणारा अधिकारी प्रथम हातातील काठीने दोन रेघा ओढतो आणि मग ती काठी गावकऱ्याच्या हाती देऊन मागे सरतो. त्या काठी देण्यावरच पुढचे सारे अवलंबून असते. महाराष्ट्रात पाणलोट विकासाच्या कामांतून ही रीत अनेक कार्यकर्त्यांच्या परिचयाची झाली आहे. गावातील संस्थांचे परस्परसंबंध दाखविणाऱ्या वर्तुळांच्या आकृतीस तर आपल्याकडे ‘चपाती आकृती’ असे घरगुती नाव मिळाले. जी संस्था गावास महत्त्वाची वाटते तिची चपाती मोठी, आणि जी गावाच्या जवळची ती मधल्या चपातीस चिकटून. एखाद्या मोठ्या कार्यालयाची चपाती लहान आणि दूर पडावी, आणि सावकाराची मोठी आणि जवळ यावी, हे दृश्य पाहणाऱ्या अधिकाऱ्यास पुष्कळ शिकवून जाते.

या ठिकाणी एक नेहमीचा आक्षेप विचारात घ्यावयास हवा. ‘आम्हांस चित्र काढता येत नाही’ असे मोठी माणसे हटकून म्हणतात. शाळेत चित्रकलेस गुण मिळू लागल्यापासून हा संकोच मनात बसला असावा. रोज सकाळी उंबरठ्यापुढे रांगोळी घालणारी गृहिणीही कागद समोर आला, की हेच म्हणते. म्हणून प्रारंभीच सांगून टाकावे, की येथे सुबकतेस किंमत नाही. उलट, सफाईदार चित्र काढणारा माणूस कधी कधी सफाईनेच स्वतःस लपवितो. काड्यांची माणसे काढणाऱ्यास ती सोय नसते.

मात्र या पद्धतीत जे धोके आहेत, ते संकोचापेक्षा गंभीर आहेत. पहिला धोका अर्थ लावण्याच्या हौसेचा. १९२६ मध्ये अमेरिकेत फ्लॉरेन्स गुडइनफ यांनी मुलांकडून माणसाचे चित्र काढवून घेऊन त्यावरून बुद्धी मोजण्याची कसोटी प्रसिद्ध केली. डोळे काढले म्हणून इतके गुण, बोटे बरोबर मोजली म्हणून इतके. नंतरच्या काळात काही मानसशास्त्रज्ञ आणखी पुढे गेले आणि चित्रातील माणसाच्या हातापायांवरून काढणाऱ्याच्या स्वभावाचे निदान करू लागले. त्या निदानांच्या विश्वासार्हतेविषयी जाणकारांनी वारंवार शंका घेतल्या आहेत. येथे चर्चिलेली पद्धत याच्या नेमकी विरुद्ध दिशेची आहे. तीत चित्र हा काढणाऱ्याविरुद्धचा पुरावा नसतो; काढणारा आणि पाहणारा यांनी मिळून पाहावयाची ती वस्तू असते. काळा रंग म्हणजे दुःख, असे कोष्टक हाती घेऊन बसणाऱ्या संशोधकास हे आठवून द्यावे, की पेटीत कदाचित तेवढी एकच पेन्सिल टोक केलेली असेल.

दुसरा धोका वरिष्ठांच्या नजरेचा. समजा, सह्याद्रीच्या किंवा सातपुड्याच्या एखाद्या दुर्गम तालुक्यातील आशा स्वयंसेविकेस पावसाळ्यातील एका रात्रीच्या बाळंतपणाचा प्रसंग काढावयास सांगितले. ती कदाचित पाड्यावरील घर काढील, मध्ये पूर आलेला ओढा काढील. मोबाइलला संदेशवहन मिळते ती टेकडी काढील आणि त्या टेकडीवर पावसात उभी असलेली स्वतः. १०८ क्रमांकाची रुग्णवाहिका ओढ्यापलीकडे थांबलेली असेल. घरात सासू नाही म्हणत असेल, नवरा गप्प असेल, आणि आशाची स्वतःची मुले दुसऱ्या टोकाच्या घरात झोपलेली असतील. कागदाच्या कडेला एक नोंदवही असेल, जीत सकाळी एवढेच लिहावयाचे आहे, की प्रसूती कोठे झाली. कामाच्या मोबदल्याचा हिशेबही त्याच नोंदीवरून. प्रशिक्षणाचा अभ्यासक्रम आखणाऱ्यास या एका कागदातून जे कळेल, ते वर्षभराच्या तक्त्यांतून कळणार नाही. पण हाच कागद कार्यालयात गेला आणि तेथे कोणी विचारले, की वैद्यकीय अधिकारी या चित्रात इतके लहान का काढले आहेत, तर पुढच्या खेपेस ते मोठे निघतील, हसरे निघतील, आणि ओढ्यावर पूलही दिसू लागेल.

म्हणून चित्र कोणाचे, हा प्रश्न आधीच मिटवावा लागतो. संमती दोनदा घ्यावी : एकदा काढण्यापूर्वी आणि एकदा काढून झाल्यावर, कारण काय काढले जाणार आहे, हे काढणाऱ्यासही आधी ठाऊक नसते. नाव वगळल्याने काम भागत नाही. ओढा, टेकडी, घराचे छप्पर यांवरून गाव ओळखू येते. तेव्हा छापावयाचे असेल तर त्या खुणा बदलाव्या लागतात, आणि बदलल्यावर तिला पुन्हा दाखवावे लागते. काही प्रसंग काढताना जुनी जखम उघडी पडते. हात थांबला तर थांबू द्यावा. कागद अपुरा राहिला म्हणून अभ्यासाचे काही बिघडत नाही.

गावनकाशांच्या बाबतीतही हाच घोटाळा होत आलेला आहे. अंगणातील रांगोळीचा नकाशा संध्याकाळी पुसला जातो. त्याची कागदावर उतरविलेली प्रत पाहुण्यांबरोबर निघून जाते, आणि ज्यांनी तो मांडला त्यांच्याजवळ काही उरत नाही. यावर उपाय सोपा आहे व काही ठिकाणी तो केलाही जातो. पहिली प्रत गावात राहते, आणि कार्यालयास जाते ती दुसरी.

प्रशिक्षण संस्थांना हे साधन वापरावयाचे असेल, तर एक व्यावहारिक गोष्ट ध्यानी ठेवावी. चाळीस जणांच्या वर्गाकडून एका दुपारी चाळीस चित्रे काढवून ती भिंतीवर लावणे सहज जमते, आणि छायाचित्रही चांगले येते. परंतु प्रत्येक चित्रास निदान पाऊण तासाचे बोलणे हवे. चाळीस चित्रांचे ते तीस तास होतात. तेवढा वेळ नसेल, तर पाच किंवा सहाच जणांना कागद द्यावा, त्यांचे पुरते ऐकावे आणि जाताना ज्याचा कागद त्याच्या हाती परत द्यावा.